डुकराचं वजन, माणसाचं यकृत

वजन कमी करण्याच्या एन्डोस्कोपिक उपायांची जाहिरात करताना एक वाक्य हमखास येतं: 'प्राण्यांमध्ये सिद्ध झालंय.' आज मला या वाक्याचीच झडती घ्यायचीय.

उदाहरण एकच घेतो, एन्डोबॅरियरचं. 60 सेंटिमीटर लांबीची, अगदी पातळ फ्लुओरोपॉलिमरची नळी. ती तोंडावाटे आत न्यायची आणि जठर संपतं तिथे, लहान आतड्याच्या तोंडाशी, काटे असलेल्या धातूच्या नांगराने अडकवायची. अन्न नळीतून पुढे सरकतं, आतड्याच्या त्या भागाला शिवतच नाही. वर्षभराने नळी काढायची. कल्पना देखणी आहे, हे मीही मान्य करतो.

2008 मध्ये उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. खाऊ घालून लठ्ठ केलेल्या उंदरांचं वजन नळीमुळे सुमारे 20 टक्क्यांनी कमी झालं. पण त्यांना ती शस्त्रक्रियेने बसवली होती. म्हणजे तत्त्व तपासलं गेलं, बसवण्याची पद्धत नाही. शिवाय उंदराला उलटी करताच येत नाही! पोटात बाहेरची वस्तू बसवल्यावर माणसाची पहिली तक्रार मळमळ आणि उलटीची. ती या प्रयोगात दिसणार कशी?

पद्धत तपासायला डुक्कर बरं. माणसाचाच एन्डोस्कोप त्याला चालतो, नळी बसते का, निघते का, हे कळतं. तेवढ्यापुरती माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वजनाच्या आलेखाबद्दल. असल्या प्रयोगांत बहुधा शेतावरच्या जातीची, वाढत्या वयाची डुकरं असतात. रोज अर्धा किलो किंवा जास्तच वाढणारी. ती लठ्ठ नाहीत, मधुमेही नाहीत. लेकरंच म्हणा ना! तिथे 'वजनावर परिणाम' म्हणजे घट नव्हे, वाढ मंदावली एवढंच. आणि वाढ तर दुखण्यानेही मंदावते, तापानेही. शाम गट, म्हणजे भूल तीच, एन्डोस्कोप तोच, फक्त नळी नाही, असा गट नसेल तर त्या आलेखाला मी फारशी किंमत देत नाही. शाम गट असला तरी नळीमुळे भूक कमी झाली की नळी टोचून प्राणी आजारी पडला, हे एकट्या वजनावरून सांगता येत नाही.

आता खरा मुद्दा. अमेरिकेतली या नळीची मोठी चाचणी 2015 मध्ये थांबवावी लागली. कारण वजन नव्हतं. नळी बसवलेल्या सुमारे 3.5 टक्के रुग्णांच्या यकृतात पू झाला होता. संशय गेला नांगराच्या काट्यांवर: ते आतड्याच्या भिंतीत रुततात आणि तिथलं रक्त थेट यकृतात जातं.

हे डुकरांमध्ये का दिसलं नाही, असं विचारलं जातं. साधा हिशेब करू. समजा, डुकरालाही धोका तितकाच, 3.5 टक्के. दहा डुकरं घेतली, तर एकाच्याही यकृतात पू न दिसण्याची शक्यता 70 टक्के. वीस घेतली तरी जवळपास 49, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच! अन् हे प्रयोग काही वर्षभर चालत नाहीत. डुक्कर इतकं वाढतं की त्याला सांभाळणंच अवघड होतं.

म्हणून असा शोधनिबंध हाती आला की मी वजनाचा आलेख शेवटी बघतो. आधी शोधतो: किती प्राणी, किती आठवडे, शेवटी नांगराखालची भिंत कापून पाहिली का, आणि यकृत उघडलं का. बऱ्याचदा शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.