कस आणि बट्टा : ध्वनिमुद्रिका व मराठी श्रोत्याचे गद्य

आपण सध्या काय ऐकत आहोत आणि ते का ऐकत आहोत, हे दुसऱ्याला सांगणे ही संगीतप्रेमी माणसाची जुनी सवय आहे. साहित्याच्या अभ्यासाने मात्र या सांगण्याकडे गद्याचा एक प्रकार म्हणून क्वचितच पाहिले आहे. मराठीत संगीतविषयक लेखन विपुल आहे. त्यात गायकांची चरित्रे, घराण्यांची मीमांसा आणि मैफलींच्या आठवणी येतात. पण ‘ही ध्वनिमुद्रिका ऐका, कारण...’ अशी सुरुवात असलेल्या वाक्याचा उत्तरार्ध या लेखनात कसा घडला, हा प्रश्न बहुधा विचारला गेलेला नाही. तुलनाकाराच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे, कारण या ‘कारण’ नंतर येणाऱ्या शब्दांत एखाद्या भाषिक समाजाची मूल्यकल्पना आणि श्रोतृकल्पना या दोन्हींचा उलगडा होतो.

या शब्दांचा माग काढताना जबलपूरच्या सराफ्याचा दाखला उपयोगी पडतो. जुन्या शहरात कमानिया गेटच्या परिसरात असलेला हा बाजार सोन्याचांदीचा आहे, संगीताचा नाही. तरीही मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांतील रसिकाची शब्दसंपदा पाहिली तर तिचा मोठा भाग सराफाच्या पेढीवरून आलेला दिसतो. गाणे कसदार असते, सूर अस्सल असतो, आवाज खणखणीत असतो, तालीम बावनकशी असते आणि श्रोता पारखी असतो. हिंदीतही ‘परख’, ‘कसौटी’, ‘खरा’ हे शब्द त्याच दुकानातले आहेत. पारख करणाऱ्याच्या हाती कसोटीचा काळा दगड असतो. त्यावर सोन्याची रेघ ओढायची, तिचा रंग पाहायचा आणि निर्णय द्यायचा. गिऱ्हाईक हा निर्णय ऐकतो. त्याला स्वतःला तो करता येत नाही.

परंतु सराफाचे काम एवढेच नव्हते. ‘सर्राफ’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ नाणी बदलून देणारा असा आहे. 1835 मध्ये कंपनी सरकारने एकसारखा रुपया चालू करण्यापूर्वी निरनिराळ्या टांकसाळींची नाणी एकाच बाजारात फिरत असत. जबलपूरचा प्रदेश 1781 पासून सागरच्या मराठ्यांकडे, 1798 पासून नागपूरकर भोसल्यांकडे आणि 1817 नंतर इंग्रजांकडे होता. राज्य बदलले की नाणेही बदलते आणि एका नाण्याचे मोल दुसऱ्यात सांगणे हे सराफाचे काम ठरते. या बदलात जी घट होई तिला बट्टा म्हणत. मराठीत नावाला बट्टा लागतो तेव्हाही हाच शब्द असतो. कस पाहणे आणि विनिमय करणे ही सराफाच्या व्यवसायाची दोन अंगे होत. मराठी संगीतसमीक्षेने यांपैकी पहिले अंग आत्मसात केले आणि दुसरे बव्हंशी दुर्लक्षित ठेवले, असे या लेखनाच्या परिशीलनातून दिसून येते.

असे होण्याला ऐतिहासिक कारण आहे. ज्या गायकांच्या गौरवातून मराठी संगीतगद्य उभे राहिले त्यांपैकी भास्करबुवा बखले 1922 मध्ये आणि अल्लादिया खाँ 1946 मध्ये निवर्तले. दोघांचेही गाणे ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने उपलब्ध नाही. त्यांच्याविषयी लिहिणारा लेखक हा केवळ समीक्षक नव्हता, तर साक्षीदार होता. वाचकाला पडताळा घेण्याचे साधन नव्हते; दगड लेखकाच्या हाती होता आणि त्याने सांगितलेला कस मानण्यावाचून पर्याय नव्हता. या गद्याला आलेला निर्णयाचा सूर, विशेषणांची श्रीमंती आणि ‘ज्याने ऐकले त्यालाच कळेल’ ही गर्भित भूमिका यांचे मूळ इथे आहे.

ध्वनिमुद्रिकेने ही स्थिती बदलली. 1902 मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून गाणे हे तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत मावू लागले. या संक्षेपाविषयी जाणकारांची तक्रार रास्त होती. तासभराची बढत तबकडीच्या एका बाजूत बसत नाही. परंतु दुसऱ्या परिणामाकडे तितके लक्ष गेले नाही. तबकडी ज्याच्या घरी आहे त्याच्या हाती आता कसोटीचा दगडही आला. समीक्षकाने जे म्हटले ते खरे की नाही, हे गावोगावचा वाचक चावी देऊन, सुई ठेवून स्वतः तपासू शकत होता. शिवाय ज्या कलावतींच्या बैठकीला मध्यमवर्गीय घरातल्या स्त्रियांना जाणे शक्य नव्हते, त्यांचा आवाज माजघरापर्यंत पोहोचण्याची वाट तबकडीने मोकळी केली. पारख्यांच्या वर्तुळाबाहेरचा श्रोता अशा रीतीने प्रथमच संभाव्य वाचक झाला.

केशवराव भोळे यांच्या लेखनात या बदलाची चाहूल लागते. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्ध सारंग’ या टोपणनावांनी त्यांनी समकालीन गायकांवर लिहिले. नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ (1933) आणि प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (1936) यांचे संगीत करणाऱ्या या लेखकाला ध्वनियंत्रासमोरचे गाणे आतून ठाऊक होते. ‘एकलव्य’ हे नावही सूचक आहे. गुरूच्या अनुपस्थितीत त्याच्या प्रतिमेसमोर शिकणारा शिष्य, हेच तबकडीच्या श्रोत्याचे रूप होय. भोळ्यांचे गद्य गायकाच्या आवाजाच्या लगावाचे व उच्चाराचे विश्लेषण करते. म्हणजे वाचकाला ताडून पाहता येईल अशा गोष्टी सांगते. तरीही त्यांच्या लेखाचा रोख गायकाचे स्थान ठरविण्याकडे असतो. श्रोत्याचे स्थान अध्याहृत राहते.

वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (1961) या ग्रंथात पारखीच्या परंपरेने आपली सर्वांत सुव्यवस्थित मांडणी गाठली. स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये किराणा, आग्रा, जयपूर इत्यादी घराण्यांची स्थाने निश्चित करणारी ही रचना आजही अभ्यासकांना आधारभूत वाटते. लेखक व्यवसायाने हिशेबतपासनीस होते, हा केवळ योगायोग मानला तरी या ग्रंथात प्रत्येक घराण्याचा ताळेबंद आहे असे म्हणता येईल. पण ‘मी हे का ऐकतो’ या प्रश्नाला ताळेबंदात जागा नसते. जयपूर गायकी संतुलित आहे, हे मूल्यविधान झाले. एखादी व्यक्ती एखाद्या काळात तिच्याकडे का वळते, हे त्यातून कळत नाही.

गो. ना. जोशी यांच्या ‘स्वरगंगेच्या तीरी’ या आठवणी वेगळ्या वाटेने जातात. ‘शीळ’ या भावगीताच्या तबकडीने गायक म्हणून प्रसिद्धी मिळालेले जोशी 1938 मध्ये ग्रामोफोन कंपनीत रुजू झाले आणि पुढे कलावंतांना ध्वनिमुद्रणासाठी राजी करण्याचे काम त्यांनी दीर्घकाळ केले. हे पुस्तक कस लावत बसत नाही. तबकडी कशी घडली, कोण नाखूश होते, कोणाला कसे वळवावे लागले याची हकिकत सांगते. सराफाच्या दुसऱ्या अंगाला, विनिमयाला, इथे गद्यरूप मिळते. समीक्षकांनी मात्र या पुस्तकाकडे बहुतांशी किश्श्यांचा संग्रह म्हणून पाहिले.

विनिमयाचे मोल द्वैभाषिक प्रदेशात अधिक स्पष्ट होते. 1956 पर्यंत जबलपूर हे नागपूर राजधानी असलेल्या मराठी-हिंदी प्रांतात होते. त्या वर्षी राज्यपुनर्रचनेत ते नव्या मध्य प्रदेशात गेले आणि विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात. सीमेच्या अशा पलीकडे राहिलेल्या मराठी श्रोत्याला नाट्यपद शेजाऱ्यास ऐकवायचे तर ‘हे बावनकशी आहे’ एवढे म्हणून भागत नाही. नाटक, प्रसंग, पात्र यांची ओळख त्याला करून द्यावी लागते आणि त्यात काही बट्टा सोसावा लागतो. पण बट्टा दोन्ही बाजूंनी असतो. ‘मानापमान’ (1911) साठी गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या चाली मराठीत आणल्या. कैरान्यात जन्मलेले आणि मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांनी त्याच नाटकातील पद तबकडीवर गायिले. आणि गदगच्या कन्नड घरातील भीमसेन जोशी यांनी खाँसाहेबांच्या तबकडीने भारून जाऊन 1933 मध्ये गाण्यासाठी घर सोडले. तीन भाषांतून फिरलेल्या या आवाजाचा इतिहास केवळ कसाच्या परिभाषेत लिहिता येणार नाही.

ऐकण्याचे कारण सांगण्याचा एक प्रकार पाश्चात्त्य परंपरेत नामांकित आहे. बीबीसीवर रॉय प्लॉमली यांनी जानेवारी 1942 मध्ये सुरू केलेल्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ या कार्यक्रमात पाहुण्याने निर्जन बेटावर नेण्यासाठी आठ ध्वनिमुद्रिका निवडायच्या आणि त्यांची कारणे द्यायची असतात. इथे कारण हे आत्मचरित्र होते. आई, युद्ध, पहिले प्रेम यांच्या आठवणी निवडीला अर्थ देतात. संगीताची प्रत हा प्रश्न दुय्यम ठरतो. या कल्पनेचा पाया एकाकीपण आहे. बेटावर दाद द्यायला कोणी नसते. याउलट मराठी श्रोत्याची मूळ कल्पना बैठकीची आहे. तिथे ऐकणे चारचौघांत होते आणि शेजाऱ्याच्या मानेच्या हालचालीने पूर्ण होते. बेटाने श्रोत्याला ‘मी’ दिला. बैठकीने ‘आपण’ दिले. एकात आत्ममग्नतेचा धोका आहे, दुसऱ्यात एकमताच्या दडपणाचा.

या दोहोंपलीकडचे उदाहरण 1977 चे आहे. त्या वर्षी व्हॉयेजर यानांवर पाठविलेल्या सुवर्ण तबकडीत केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचविली होती. परंतु तबकडी बाजारात मिळेनाशी झाली होती आणि अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. जयपूर घराण्याच्या पारख्यांनी या गायिकेच्या ख्यालाला सर्वोच्च स्थान दिले असते, साडेतीन मिनिटांच्या भैरवीला नव्हे. पण ज्याला आपली कोणतीच भाषा ठाऊक नाही अशा श्रोत्यासाठी निवड करायची तर घराण्यातील स्थान कामाचे राहत नाही. विनिमयाची ही परमसीमा होय आणि ती एका गोमंतकीय गायिकेच्या तबकडीने गाठली, याची दखल मराठी समीक्षेने अभिमानापलीकडे जाऊन घ्यायला हवी.

तशी दखल घेण्याची सामग्री मराठीतच आहे. पु. ल. देशपांडे यांनी इंदूरच्या रामूभैया दाते यांचे व्यक्तिचित्र लिहिले. ऐकणे हीच ज्याची ख्याती, असा हा मराठी माणूस हिंदी प्रदेशात राहिला. त्यांची दाद निवाड्यासारखी नव्हती, ती आमंत्रणासारखी होती. स्वतःला लाभलेला आनंद दुसऱ्याच्या पदरात घातल्याशिवाय तिची पूर्तता होत नसे. तानसेनाइतकाच कानसेन मोठा, ही म्हण दोन्ही भाषांत आहे. हे व्यक्तिचित्र तिला चरित्राचा पाया देते. ‘ऐका, कारण...’ या वाक्याचा उत्तरार्ध इथे गुणवर्णनाने नव्हे, तर नात्याने भरला जातो.

आज लाखो ध्वनिमुद्रणे कोणालाही क्षणार्धात उपलब्ध आहेत आणि पुढे काय ऐकावे याची यादी यंत्र तयार करते. आधी जे ऐकले त्यावरून ते पुढचे सुचविते. कारण सांगत नाही. कसोटीचा दगड सर्वांच्या हाती आल्यामुळे पारख्याचा जुना मक्ता संपला आहे, याचे दुःख करण्याचे प्रयोजन नाही. मात्र एका कानाचे मोल दुसऱ्या कानाला समजेल अशा शब्दांत सांगणे, त्यात होणारी घट मान्य करणे आणि तरीही व्यवहार चालू ठेवणे, हे काम अद्याप माणसाकडेच आहे. मराठी संगीतगद्याचा इतिहास लिहिताना भोळे आणि देशपांडे यांच्या शेजारी जोशींच्या हकिकती व दात्यांची दाद यांना समान जागा दिली, तर या कामाची परंपरा आपल्याकडे पूर्वीपासून होती हे ध्यानात येईल. सराफ्यात निवाडा देणाऱ्या दगडाइतकाच, नाणे बदलून देणारा हातही महत्त्वाचा असतो.