रुमाल आणि तसबीर

गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपीअरचा ‘ऑथेल्लो’ १८९० साली ‘झुंझारराव’ या नावाने मराठीत आणला. निष्पाप डेस्डिमोनाला बदनाम करणारा मूळ नाटकातला यागो मला परका वाटत नाही. आम्हां डोणगावकरांना पारावरच्या कुजबुजीची सवय आहे! हुद्दा गमावलेल्या कॅसिओला हाच गृहस्थ सांगतो, अब्रू म्हणजे पोकळ भ्रम. पुढे ऑथेल्लोपाशी मात्र तो नावलौकिकाला रत्नाचे मोल देतो. आरंभी तो उघड आरोप करीतच नाही. अर्धे वाक्य टाकतो, उरलेले नवराच पुरे करतो. पुराव्याला एक रुमाल पुरतो.

देवलांच्याच ‘संशयकल्लोळा’त रुमालाच्या जागी तसबीर आहे. पण तिथे कृत्तिका नवऱ्याला तोंडावर जाब विचारते, म्हणून आपण पोटभर हसतो. इकडे रुमाल उचलून देणारी यागोची बायको एमिलिया खरे सांगते, ते डेस्डिमोनाचा प्राण गेल्यावर. टीकाकार यागोचा हेतू शोधत बसतात. मला एमिलियाचा उशीर छळतो. एका शिक्षिकेविषयी शाळेत कुजबुज चालली, तेव्हा मी खाली मान घालून वह्या तपाशीत होतो. बाई बदली मागून गेल्या. ते सारे खोटे होते, हे मला ठाऊक होते.