रिषभ एकाच ठिकाणी

तानपुऱ्याची पहिली तार पंचमाची. मग जोडीचे दोन षड्ज आणि शेवटी खर्ज. लहानपणापासून हा क्रम कानात मुरलेला असला की उकुलेलेच्या चार तारांवरून पहिल्यांदा अंगठा फिरवताना गंमत होते. इथेही सुरुवात पंचमानेच होते, पुढची तारही षड्जाचीच असते. पण हा पंचम षड्जाच्या खाली नसतो, वर असतो. जिना उतरायला पाय टाकावा आणि तो वरच्या पायरीवर पडावा, तसं काहीसं होतं. प, सा, ग, ध. चारही स्वर एकाच सप्तकातले. सगळ्यांत खालचा स्वर बाजूच्या तारेवर नाही, मधेच कुठेतरी, गर्दीत उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या माणसासारखा.

सी हा षड्ज धरून मी हे म्हणतो आहे. असं धरलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. या चार तारांमध्ये भूपाचे चार स्वर आहेत, फक्त रिषभ नाही. त्यामुळे ज्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही त्यानेही उघड्या तारा छेडल्या, तरी कानाला खुपणारं काही निघतच नाही. पाश्चात्त्य मंडळी या स्वरसमूहाला सी सिक्स्थ म्हणतात आणि हवाईच्या संगीतातला तो सैलावलेला, दुपारच्या झोपेसारखा गोडवा बराचसा याच स्वरमेळातून येतो. आता हातात धरल्यावर सगळ्यांत खाली येणाऱ्या, धैवताच्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी एक बोट ठेवा. धैवताचा तार षड्ज झाला, सी मेजर तयार. एका बोटाचं काम. जगभर उकुलेलेची जी हौशी मंडळं चालतात, त्यांची पहिली संध्याकाळ बहुधा या एका बोटावर सुरू होते आणि तास संपेपर्यंत नवखा माणूस कुठल्यातरी गाण्याच्या मागे मागे वाजवू लागतो. सतारीचा पहिला तास आठवून पाहा, म्हणजे फरक कळेल.

हे वाद्य हवाईचं म्हणून ओळखलं जातं, पण त्याचं मूळ परदेशी आहे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज पोर्तुगिजांच्या मदेइरा बेटावरची चारशेहून अधिक माणसं घेऊन होनोलुलूला लागलं. चार महिन्यांचा प्रवास, आणि पुढे उसाच्या मळ्यांतली मजुरी. त्या माणसांत मानुएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोझे दो एस्पिरितु सांतो हे तीन सुतार होते. पुढच्या काही वर्षांत तिघांनी होनोलुलूत दुकानं थाटली आणि गावाकडची वाद्यं करायला घेतली. अंग घेतलं माशेत नावाच्या चार तारांच्या चिमुकल्या वाद्याचं, सूर घेतले रजांव नावाच्या पाच तारांच्या मोठ्या भावंडाचे, त्यातली एक तार वगळून. लाकूड मात्र हवाईचं, कोआ. राजा कालाकाउआने या वाद्याला दरबारात जागा दिली आणि एका पिढीत ते तिथलं होऊन गेलं. नावाचा रूढ अर्थ 'उड्या मारणारी पिसू'. राणी लिलिउओकालानीला तो पसंत नसावा. तिने त्याच शब्दाची फोड 'इथवर आलेली भेट' अशी केली. मला पिसूच आवडते. झरझर फिरणारी बोटं पाहून कुणाला तरी पिसू आठवली असेल, तर त्या माणसाला डोळे होते.

पण मला बोलायचं आहे ते हे वाद्य स्वतः बांधून स्वतःच वाजवणाऱ्यांबद्दल. आपल्याकडे 'हौशी' या शब्दाला रंगभूमीमुळे एक मान आहे. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून रात्री तालमीला पळणारा माणूस व्यावसायिक नटापेक्षा कमी प्रेमाने काम करतो, असं कुणी म्हणत नाही. घराच्या गॅरेजमध्ये किंवा पोटमाळ्यावर उकुलेले बांधणारी माणसं त्याच जातकुळीतली. हवाईत तर हौशी आणि पेशेवाल्या कारागिरांची मिळून 'उकुलेले गिल्ड ऑफ हवाई' ही संघटनाच आहे. ती सदस्यांच्या वाद्यांची प्रदर्शनं भरवते. त्या मेजांवर सोन्यासारखी झळकणारी कोआची वाद्यं असतातच, पण जे कुणाचं तरी पहिलंच वाद्य आहे, ज्याच्या सांध्यात सरसाचा ओघळ वाळून राहिला आहे, त्यालाही माणसं तितक्याच आस्थेने उलटून पालटून पाहतात.

त्या उलटून पाहण्यातच अर्धं रसग्रहण आहे. जाणकार आधी वाजवत नाही, वजन घेतो. चांगलं सोप्रानो उकुलेले हातात आलं की ते रिकाम्या पेटीसारखं हलकं लागतं, इतकं की उचलताना आपला हात चुकतो. तारेची लांबी जेमतेम पस्तीस सेंटिमीटर. अशा तोकड्या, सैल तारांत जोर तो कितीसा? तेवढ्या जोरावर जे हलायचं ते पातळच हवं. म्हणून वरची तबली दीड-दोन मिलिमीटरपर्यंत रंधून आणावी लागते. अमेरिकेतली मार्टिन ही गिटारसाठी नावाजलेली कंपनी. तिने १९०७ साली उकुलेले करून पाहिली, ती फसली. गिटारची सवय असलेल्या हातांनी त्यांना गिटारसारखी मजबुती दिली होती. स्प्रूसची तबली, आतून भक्कम पट्ट्या. वाद्य टिकाऊ झालं आणि मुकं झालं. काही वर्षांनी महोगनी वापरून, हात आखडता घेऊन त्यांनी पुन्हा केलं, तेव्हा कुठे आवाज फुटला.

हौशी कारागिराला हा धडा स्वतःच्या नखांनी शिकावा लागतो. तो फळी दोन बोटांत अलगद धरतो, पेराने टकटक करतो, कानाशी नेतो. थोडं रंधतो. पुन्हा टकटक. सुरुवातीला फळी नुसती 'टक्' म्हणते. पुढे एका क्षणी तिच्यात स्वर उतरतो, कोरड्या भाकरीवर बोट वाजवावं आणि ती शिजली हे कळावं, तसं. तिथे थांबायचं. आणखी दोन हात मारले तर तारांच्या ताणाने तबली घोडीपाशी खचेल. केव्हा थांबायचं याचं माप पुस्तकात आहे, पण तेच झाड, तीच फळी दुसऱ्यांदा मिळत नाही, म्हणून माप कामाला येत नाही. बाजूच्या पट्ट्या भिजवून तापलेल्या नळीवर दाबत वाकवायच्या, त्यात एखादी कट्कन मोडणार हे धरूनच चालायचं. आतली कडेची पट्टी सरस धरेपर्यंत दाबून ठेवायला कपडे वाळत घालायचे चिमटे. डझनावारी चिमटे लावलेलं ते अर्धवट वाद्य एखाद्या साळिंदरासारखं दिसतं.

पडद्यांचं मात्र गणित आहे. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, तिथे खाच. पुन्हा उरलेल्या लांबीला तेवढ्यानेच. बाराव्या पडद्याशी तार बरोबर निम्मी होते. सतारीचा पडदा बेसूर वाटला तर सरकवता येतो. इथे तो लाकडात रुतलेला असतो. अर्ध्या मिलिमीटरची चूक वाद्याबरोबर जन्मभर राहते.

लाकडाबद्दल थोडं आणखी बोलायला हवं, कारण तिथे आपला कोकणी जीव अडकतो. कोआ हे बाभळीच्या गोतातलं झाड. आपल्याकडे रस्त्यांच्या कडेला आणि उघड्या माळांवर विळ्यासारख्या पानांचा जो अकेशिया लावलेला दिसतो, त्याचं जवळचं नातेवाईक. पण कोआच्या खालोखाल हवाईतल्या कारागिरांचं ज्या लाकडावर प्रेम आहे, ते आंब्याचं. आंबा तिथे एकोणिसाव्या शतकात पोचला आणि रुजला. आपला सुतार आंब्याच्या फळीला नाक मुरडतो. खोकी करा, सेंट्रिंगला वापरा, होमात घाला. तिकडे आंब्याचा ओंडका दमट जागी पडून राहतो, त्यात बुरशी शिरते, आणि बुरशीच्या दोन वसाहती जिथे भिडतात तिथे ती काळी रेघ ओढते. वेळेत कापलं नाही तर सगळं भुसभुशीत. वेळेत कापलं तर पिवळ्या, गुलाबी, राखाडी लाकडावर शाईने काढलेला एखादा किनाऱ्याचा नकाशा मिळतो. एकाच फळीचे पुस्तकासारखे दोन काप उघडून कारागीर ते पाठीला शेजारी शेजारी जोडतो, म्हणजे नकाशा आरशात पाहिल्यासारखा दुहेरी होतो. कुजण्याच्या वाटेवर थांबवलेलं लाकूड. आवाज कोआपेक्षा जरा मऊ, असं अनेक जण म्हणतात. मला खात्रीने फरक सांगता येत नाही. डोळ्यांना दिसलेलं कान ऐकतात, असाही माझा संशय आहे.

तारा पूर्वी आतड्याच्या असत. आता नायलॉनच्या, किंवा फ्लुओरोकार्बनच्या. चिकट हौशी माणसं सरळ मासेमारीच्या दुकानात जातात आणि योग्य जाडीचा तंगूस रीळभर घेऊन येतात. मासे धरायच्या दोरीतून निघणारा स्वर स्वच्छ असतो, आणि एका रिळात आयुष्यभराच्या तारा होतात.

तर असं हे वाद्य. त्याचा स्वर फार जगत नाही. छेडला की उजळतो आणि विझतो. मींड काढायला तो उरतच नाही. मग वाजवणारे दोन वाटांनी जातात. एक वाट झंकाराची, सतत तर्जनी फिरवण्याची. खाली येताना नख लागतं, वर जाताना बोटाचा मऊ भाग, म्हणून एकाच बोटातून उजेड आणि सावली आळीपाळीने निघतात. मंडळातले बहुतेक जण आयुष्यभर याच वाटेवर सुखाने राहतात.

दुसरी वाट जॉन किंगने उजळली. हा अमेरिकन वादक २००९ साली गेला. त्याने बाखची व्हायोलिनसाठी लिहिलेली तिसरी पार्टिटा एकट्या उकुलेलेवर ध्वनिमुद्रित केली. तिचा आरंभीचा प्रेल्यूड म्हणजे न थांबणारी स्वरांची धार. व्हायोलिनचा पल्ला या पावणेदोन सप्तकांच्या वाद्यात मावत नाही, तेव्हा काही स्वर उचलून दुसऱ्या सप्तकात ठेवावे लागतात. आणि जे व्हायोलिनवर एका गजाखाली सलग येतं, ते इथे विझत्या स्वरांनी सांधायचं कसं? किंगने सतराव्या शतकातल्या स्पॅनिश गिटारवादकांची एक युक्ती घेतली, कांपानेला, म्हणजे चिमुकल्या घंटा. लागोपाठचे दोन स्वर शक्यतो एका तारेवर वाजवायचे नाहीत. नवा स्वर दुसऱ्या तारेवर घ्यायचा, म्हणजे आधीचा आपल्या तारेवर घुमत राहतो आणि दोघे एकमेकांत मिसळतात.

हे जमतं ते त्या उलट्या पंचमामुळे. चार तारा एकाच सप्तकात दाटीवाटीने बसल्याने एकच स्वर अनेक घरांत सापडतो. पंचम वरच्या तारेवर उघडा आहे, गंधाराच्या तारेवर तिसऱ्या पडद्यात आहे, षड्जाच्या तारेवर सातव्यात आहे. सरळ चढणारी साधी सरगमसुद्धा बोटं पहिल्या तारेवरून चौथ्या, चौथीवरून दुसऱ्या अशी उड्या मारत वाजवतात. डोळ्यांना गोंधळ, कानांना स्वरमंडळ. किंगचा प्रेल्यूड ऐकताना मी पहिल्या वेळी तार मोजायचा प्रयत्न केला आणि पाचव्या-सहाव्या मात्रेला सोडून दिला. जे तोकडेपण म्हणून वाद्याला हिणवलं गेलं, त्याच तोकडेपणाच्या फटींतून त्याने बाख ओवून काढला. या सगळ्यात मध्य सप्तकातला रिषभ मात्र बिचारा एकटा. त्याला एकच घर आहे, षड्जाच्या तारेवरचा दुसरा पडदा. षड्जाच्याच तारेवर असल्याने सा-रे असं गेलं की तिथे घंटा थांबते, षड्ज विझतो. कान दिला तर तेवढीच एक शिवण दिसते.

लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलला या वाद्याचा परिचय आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलीत पॉल मॅकार्टनीने हॅरिसनचंच गाणं उकुलेलेवर सुरू केलं होतं. रविशंकरांकडे सतार शिकलेला हॅरिसन उत्तरायुष्यात उकुलेलेच्या इतका नादी लागला की मित्रांना ती वाटत सुटायचा. त्याच सभागृहात ऑगस्ट २००९ मध्ये, 'उकुलेले ऑर्केस्ट्रा ऑफ ग्रेट ब्रिटन'च्या प्रॉम्स मैफलीला श्रोते आपापली वाद्यं घेऊन आले आणि हजारभर जणांनी जागेवरूनच बेथोवनची आनंदगानाची चाल वाजवली. हजार वाद्यं कधी तंतोतंत जुळत नाहीत. त्या किंचित बेसूरपणातून पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखी एक थरथर येते. चालही अशी की सारा खेळ सा ते प या पाच स्वरांत. सी हा षड्ज धरून वाजवली, तर रिषभ आला की यच्चयावत बोटं त्या एकाच घरात शिरतात. पुढे एका ठिकाणी मूळ चाल सा-रे करून एकदम मंद्र पंचमात उतरते. उकुलेलेला मंद्र पंचमच नाही. हौशी वाजवणारा बेथोवनला वळसा घालून वरची तार उघडी छेडतो, आणि जिथे उतरायचं तिथे चढतो.

नव्याने बांधलेल्या वाद्याच्या तारा पहिले काही दिवस ताणत राहतात. जुळवून खाली ठेवलं की दहा मिनिटांत उतरतात. मंडळात एखादा आपलं पहिलं वाद्य घेऊन येतो, खुंट्या पिळतो, गाणं सुरू होतं, दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याचा पंचम पाव सुराने ढळलेला असतो. शेजारचा हसून थांबतो, आपली वरची तार छेडून धरतो. तो पुन्हा पिळतो. प, सा, ग, ध.