चौकटीबाहेर राहिलेले चित्र

डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे असेल, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. खानदेशातील शिक्षकाला या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे मुले पळवणारे आल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, गावोगाव भिक्षा मागणारे लोक होते.

त्या काळात देशभर मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. गल्लीत मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. फीत मुळात कराचीतील ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेच्या जनजागृतीसाठी तयार केलेली होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी हा शेवट कापला. उरलेल्या दृश्यात काहीही न बदलता सावधगिरीची सूचना अपहरणाचा पुरावा ठरली.

मूळ फीतही निर्दोष म्हणता येत नाही. टेहळणीच्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखे तिचे चित्रण आहे. प्रसंग खराच घडला असे वाटावे, हीच त्यामागची योजना. खुलासा मात्र अखेरच्या काही क्षणांवर सोपवलेला. त्यामुळे तो कापणे सोपे गेले.

शब्दांनाही चौकट असते. ‘टोळी समजून पाच जणांना मारले’ आणि ‘भिक्षा मागणाऱ्या पाच जणांची जमावाने हत्या केली’ ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण पहिले वाचताना मनात आधी टोळी उभी राहते, दुसरे वाचताना माणसे.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. त्याने प्रसाराचा वेग कमी होईल, पण पाहण्याची सवय बदलणार नाही. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हा सुविचार फळ्यावर लिहूनही ती बदलत नाही. त्यासाठी प्रयोग हवा.

उन्हाळ्यात पांझरा किंवा गिरणेच्या पात्रावर मुलांना न्यावे. एका गटाने फक्त डबक्याचे छायाचित्र घ्यावे, दुसऱ्याने फक्त कोरड्या वाळूचे. वेळ तीच, नदी तीच. दोन्ही छायाचित्रे दुसऱ्या वर्गाला वेगवेगळी दाखवून ‘नदीला पाणी आहे का?’ असे विचारावे आणि उत्तरे मोजावीत. मग तिसऱ्या गटाने स्थळ, वेळ, दिशा नोंदवून घेतलेले संपूर्ण पात्राचे चित्र दाखवावे. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हा प्रयोगशाळेतला नियम येथेही लागू पडतो.

यानंतर कोणतेही दृश्य समोर आले की तीन प्रश्न विचारायची सवय लावावी: याच्या आधी काय घडले, नंतर काय घडले, आणि कॅमेरा थोडा वळवला असता तर काय दिसले असते? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत ते दृश्य पुढे पाठवू नये.