'देणे' की 'ठेवणे'? : शुभवर्तमानातील एका क्रियापदाचा विचार

वसईहून मुलाकडे बेलपाड्यात राहावयास आलेल्या एका आजींनी, घरातली रोझरी आटोपल्यावर, मला एक प्रश्न विचारला. आदल्या रविवारी मिस्सामध्ये उत्तम मेंढपाळाचे शुभवर्तमान वाचले गेले होते. आजी म्हणाल्या, "फादर, एकदा दिलेलं परत मागू नये, असं आम्ही पोरांना शिकवतो. मग प्रभूने दिलेला प्राण परत कसा घेतला?" पुनरुत्थानाविषयी चार शब्द बोलून मी वेळ निभावून नेली. परतताना मात्र ध्यानात आले की, आजींची शंका श्रद्धेविषयी नव्हतीच. ती भाषांतराविषयी होती, आणि रास्त होती.

योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, ११ ते १८ या वचनांत, मेंढपाळ मेंढरांसाठी जे करतो त्याला आपल्या रूढ मराठी भाषांतरात प्राण 'देणे' म्हटले आहे. मूळ ग्रीकमध्ये तेथे 'तिथेमि' हे क्रियापद येते. त्याचा नित्य व्यवहारातला अर्थ 'ठेवणे' असा आहे. घर बांधणारा खडकावर पाया घालतो, प्रभू बालकांच्या मस्तकी हात ठेवतो, लाजरसला कोठे ठेवले म्हणून विचारतो, या साऱ्या ठिकाणी शुभवर्तमानकार हेच क्रियापद वापरतात.

आता तेरावा अध्याय पाहा. प्रभू भोजनावरून उठतो, आपली वस्त्रे उतरवून ठेवतो, शिष्यांचे पाय धुतो आणि वस्त्रे पुन्हा घेतो. वस्त्रांचे हे 'ठेवणे' आणि 'घेणे' सांगताना योहानाने नेमकी तीच दोन क्रियापदे योजली आहेत, जी त्याने दहाव्या अध्यायात प्राणाविषयी योजली होती. पाय धुण्याच्या त्या साध्या कृतीत क्रुसावरचे मरण आणि पुनरुत्थान आधीच सूचित झाले आहे. त्याच अध्यायाच्या अखेरीस पेत्र प्रभूसाठी प्राण ठेवण्याची भाषा करतो, तीही याच क्रियापदाने. आणि कोंबडा आरवण्यापूर्वी काय घडणार आहे ते प्रभू त्याला सांगतो. सेवेसाठी वस्त्र ठेवणे ज्याला उमगले नाही, त्याने प्राण ठेवण्याच्या गोष्टी करू नयेत, असा बोध या रचनेतून सहज निघतो.

पवित्र गुरुवारी आपण तेराव्या अध्यायातील पाय धुण्याचा भाग ऐकतो. उपासनेच्या 'ब' वर्षात त्यानंतर चोवीस दिवसांनी मेंढपाळाची ही वचने वाचली जातात. पण एकीकडे 'ठेवणे' आणि दुसरीकडे 'देणे' आल्यामुळे मराठी कानाला हा धागा ऐकूच येत नाही.

भाषांतरकारांना यासाठी सरसकट दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरातही अकराव्या वचनात 'देतो' असेच आहे आणि पंधराव्यापासून 'ठेवतो' येते. काही प्राचीन ग्रीक हस्तलिखितांतही अकराव्या वचनात 'देणे' आढळते. शिवाय मराठीची अडचण निराळीच आहे. आपल्याकडे जीव लावणे म्हणजे माया करणे, जीव ओतणे म्हणजे तळमळीने काम करणे, आणि जीव देणे म्हणजे आत्महत्या! एका क्रियापदाच्या फरकाने अर्थ कोठल्या कोठे जातो. अशा भाषेत 'प्राण देणे' या भारदस्त शब्दप्रयोगाचा आधार कोणीही घेतला असता.

मग 'देह ठेवणे' हा वाक्प्रचार का स्वीकारू नये? संतांनी देह ठेवला असे आपला मराठी समाज आदराने म्हणतो, आणि त्यात स्वेच्छेचा अर्थही आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोलला छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त 'वैकुंठ' हा शब्द निःशंकपणे ख्रिस्ती अर्थाने वापरला. शब्दाला नवे घर देता येते, हे त्यांनी दाखवून दिले. तरीही हा वाक्प्रचार मला येथे अपुरा वाटतो. देह ठेवणारा तो पुन्हा उचलीत नाही, आणि तो कोणासाठी ठेवला हेही त्यात सांगितलेले नसते.

माझे मत असे की, अकराव्या वचनात 'देतो' खुशाल राहू द्यावे. मात्र सतराव्या-अठराव्या वचनांत, जेथे 'पुन्हा घेणे' येते, तेथे 'ठेवणे' हवे. दिलेले परत घेणे आपल्याकडे हलकेपणाचे मानतात, तर ठेवलेले परत घेणे हा ठेवणाऱ्याचा हक्कच असतो. 'ठेव' या शब्दाचा अर्थ तोच नव्हे काय? प्राण ठेवतो आणि पुन्हा घेतो, असे म्हटले की मराठी माणसाला वेगळा खुलासा लागणार नाही.

याला संत लूकच्या शुभवर्तमानातही आधार सापडतो. क्रुसावर प्रभू आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवतो, तेथील ग्रीक क्रियापद 'तिथेमि'पासूनच साधलेले असून त्याचा अर्थ 'विश्वासाने ठेव म्हणून स्वाधीन करणे' असा होतो. आम्ही धर्मगुरू रात्रीच्या प्रार्थनेत रोज याच शब्दांनी स्वतःला देवाच्या हाती सोपवतो.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. आप्ताला मातीत ठेवून परतणाऱ्या कुटुंबासमोर मी कबरस्तानात अनेकदा उभा राहिलो आहे. आपले माणूस गेले, दिले, संपले, या भावनेने ती मंडळी खचलेली असतात. त्यांना सांगण्यासाठी आपल्या भाषेत एक साधे क्रियापद आहे: आपण त्याला पित्यापाशी ठेवले आहे. आजींना मी आता हेच उत्तर देईन. आणि त्यांची शंका मला आधीच सुचायला हवी होती, हेही कबूल करीन.