किनारीत लिहिलेला सातबारा

कॅनबेरात ऑस्ट्रेलियाच्या संसदभवनात झाडाच्या सालीवरचे दोन अर्ज जपून ठेवले आहेत. निलगिरीच्या कुळातल्या झाडाची सपाट केलेली साल, तिच्या मधोमध टंकलिखित कागद चिकटवलेला आणि भोवती मातीच्या रंगांनी रंगवलेली रुंद किनार. पाहणाऱ्याला वाटते, मजकूर कागदावर आहे आणि किनार शोभेची. मला मात्र हा अर्ज किनारीपासून आत वाचावासा वाटतो.

साल 1963. आर्नहेम लँडच्या ईशान्य टोकाला यिर्काला येथे योल्ङू लोक राहतात. तिथल्या गोव्ह द्वीपकल्पावर बॉक्साइट सापडले आणि पंतप्रधान मेन्झिस यांच्या सरकारने राखीव प्रदेशातून 300 चौरस किलोमीटरहून अधिक जमीन खाणीसाठी वेगळी काढली. तिथे राहणाऱ्यांना विचारले नाही. त्या काळच्या कायद्याच्या लेखी, इंग्रज आले तेव्हा ही भूमी कुणाच्याच मालकीची नव्हती.

योल्ङूंनी ज्या सरकारने जमीन घेतली त्याच्याच रिवाजाने अर्ज केला. मजकूर इंग्रजीत आणि त्यांच्या स्वतःच्या भाषेत, खाली बारा सह्या. इंग्रजी मजकूर ठरावीक साच्यातला, नम्र, जवळजवळ सगळा तृतीय पुरुषात. हे लोक अमुक म्हणतात, यांना तमुक भीती वाटते. निर्णय यांच्यापासून लपवला गेला. डार्विनकडच्या लाराकिया लोकांची जी गत झाली तीच आपली होईल, असे यांना वाटते. पण ही भूमी पिढ्यान्‌पिढ्यांची शिकारीची आणि अन्नाची आहे, हे सांगताना वाक्य एकदम वळते. आम्ही सगळे इथेच जन्मलो, असे ते प्रथम पुरुषात सांगतात आणि पुढच्या कलमात पुन्हा ‘ते’ होतात. सगळ्या अर्जात मला सर्वांत जिवंत वाटते ती हीच जागा. कारकुनी भाषेची शिवण तिथे उसवते आणि आतले माणूस दिसते.

शेवटही असाच. अर्जदार सदैव प्रार्थना करतील, हा इंग्रजी अर्जांचा ठरलेला समारोप. इथे त्याला जोड आहे: देवाने तुम्हाला आणि आम्हाला साहाय्य करावे. जमीन घेणाऱ्यालाही या लोकांनी प्रार्थनेत सामावून घेतले. हे आर्जव खरे, पण लाचारी नव्हे. बरोबरीचा माणूसच असे बोलू शकतो.

आता किनार. योल्ङूंच्या जगात माणूस, प्राणी, वारा, पाणी, जमीन, सारे काही धुवा किंवा यिरित्जा या दोन अर्धांपैकी एकात मोडते. म्हणून अर्ज दोन: एक धुवाचा, एक यिरित्जाचा. दोन्ही शेजारी ठेवले की जग पुरे होते. किनारीतले प्राणी आणि बारीक तिरप्या रेघांची जाळी ही त्या त्या कुळाची, त्या त्या जागेची पूर्वजांकडून आलेली चित्रे. कोणती कुणी काढायची याचे नियम आहेत. ज्याची जमीन, त्याचे चित्र. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात असतो, तो सातबारा इथे किनारीत आहे.

संसदेने मधला कागद वाचला. सह्या करणारे तरुण आहेत, ते जमातीचे प्रतिनिधी नव्हेत, असा आक्षेप मंत्री पॉल हॅस्लक यांनी घेतला. तेव्हा वडीलधाऱ्यांनी अंगठ्यांचे ठसे पाठवले. चौकशी समितीने भरपाई देण्याची आणि पवित्र जागा जपण्याची शिफारस केली. खाण झालीच. योल्ङू न्यायालयात गेले. 1971 मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निकाल दिला: कुळ जमिनीचे आहे हे दिसते, पण जमीन कुळाची आहे असे म्हणता येत नाही, म्हणून ही मालमत्ता नव्हे. किनार अगदी बरोबर वाचून त्यांनी निष्कर्ष मात्र उलटा काढला, असे माझे मत आहे.

त्या पराभवातून चौकशी आयोग आणि 1976 चा नॉर्दर्न टेरिटरीचा जमीनहक्क कायदा आला. ‘कुणाचीच नसलेली भूमी’ ही कल्पना 1992 मध्ये माबो नावाच्या जमीनहक्काच्या खटल्यात मोडली. मार्च 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने गोव्हच्याच जमिनीबद्दल म्हटले की हिरावलेल्या हक्काची भरपाई केंद्र सरकारकडून मागता येते. ती मागणारे गुमात्ज कुळाचे गलार्रवुय युनुपिङू 2023 मध्येच वारले होते.