विक्री की परवाना? : सॉफ्टवेअर परवाना करारांच्या न्याय्यतेची चिकित्सा

सॉफ्टवेअर विकत घेणारा ग्राहक बहुधा किंमत आधी चुकवितो आणि अटी नंतर पाहतो. पाकीट फोडले किंवा पडद्यावरील ‘मान्य आहे’ ही कळ दाबली, की करार पूर्ण झाला असे उत्पादक मानतो. संमती हा कराराचा प्राण होय. अटी ठरविण्यात ज्याचा काडीचाही वाटा नाही, त्याची संमती कितपत खरी मानावी, हा येथील मूळ प्रश्न आहे.

अमेरिकेत या प्रश्नाला परस्परविरोधी उत्तरे मिळाली. स्टेप-सेव्हर विरुद्ध वाईज (१९९१) या खटल्यात खोक्यावरील छापील अटी कराराचा भाग मानल्या गेल्या नाहीत. प्रोसीडी विरुद्ध झायडेनबर्ग (१९९६) या खटल्यात मात्र न्या. ईस्टरब्रुक यांनी पाकिटातील परवाना बंधनकारक ठरविला. विमा व विमानाचे तिकीट यांतही पैसे आधी आणि तपशील नंतर, शिवाय अटी न पटल्यास वस्तू परत करता येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सफाईदार आहे, परंतु अपुरा आहे. परत करण्याचा अधिकार हा नकाराचा अधिकार आहे, वाटाघाटीचा नव्हे. सर्व विक्रेत्यांच्या अटी सारख्याच असतील, तर नकारालाही फारसा अर्थ उरत नाही.

भारतात विसंगती निराळी आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (२००४) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकराच्या दृष्टीने ‘माल’ ठरविला. इंजिनिअरिंग ॲनालिसिस (२०२१) प्रकरणात अशा सॉफ्टवेअरसाठी परदेशी पुरवठादारास दिलेली रक्कम स्वामित्वशुल्क नसून मालाच्या विक्रीची किंमत आहे, असा निर्वाळा दिला. परवान्यात मात्र ‘विकलेले नाही, केवळ वापरास दिले आहे’ असे नमूद असते. एकाच व्यवहाराला करापुरती विक्री आणि ग्राहकापुरता परवाना म्हणणे न्याय्य ठरत नाही.

अर्थात छापील नमुन्यातील प्रत्येक करार अन्याय्य नसतो. लाखो ग्राहकांशी स्वतंत्र बोलणी अशक्य आहेत, आणि सहज होणाऱ्या नकलांना आळा घालणारी अट निर्मात्याच्या श्रमाचे रक्षण करते. परंतु अटी एकतर्फी बदलण्याचा अधिकार राखून ठेवणे, किंवा सदोष उत्पादनाची सर्व जबाबदारी झटकणे, यांना हे समर्थन लागू पडत नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये अन्याय्य अटींविषयी स्वतंत्र कलम नाही. ब्रोजोनाथ गांगुली (१९८६) प्रकरणात न्यायालयाला कलम २३ मधील सार्वजनिक धोरणाचा आधार घ्यावा लागला. विधी आयोगाने १९८४ (१०३ वा अहवाल) व २००६ (१९९ वा अहवाल) मध्ये हा विषय हाताळला. अखेर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना आली आणि २० जुलै २०२० पासून ती अमलात आली. तथापि अशा करारांविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य वा राष्ट्रीय आयोगाकडेच करावी लागते. दोन-चार हजार रुपयांच्या सॉफ्टवेअरसाठी तालुक्याच्या गावचा ग्राहक राज्य आयोगाची पायरी चढेल, ही अपेक्षा अवास्तव आहे.

म्हणून जिल्हा आयोगास हा अधिकार देणे आणि पैसे घेण्यापूर्वी अटी ग्राहकाच्या भाषेत दाखविणे बंधनकारक करणे, या दोन सुधारणा अगत्याच्या ठरतात. त्यांच्या अभावी ‘मान्य आहे’ ही कळ संमतीची नव्हे, अगतिकतेचीच खूण राहील.